हस्तकलेला हवी शास्त्राची जोड

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या दालनात सर्वांत अधिक गर्दी रेझिनच्या दागिन्यांच्या मेजाभोवती आहे. पारदर्शक लोलकात जपलेली शेवंतीची पाकळी, सोनेरी वर्ख मिसळलेली कर्णभूषणे, लग्नातील वरमालेची फुले बसविलेल्या चौकटी; हे सारे आपल्या माता-पालकांनी घरी घडविले आहे. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करते. मात्र या मेजामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. महोत्सवी वर्षात केवळ यशाचाच पाढा वाचावा, असा संकेत असला तरी ती मी आज सांगणार आहे.

तीन वर्षांपूर्वी सातवीतील एका मुलीच्या मनगटांवर लाल चट्टे उठल्याचे वर्गशिक्षिकांच्या लक्षात आले. आई घरी रेझिनचे दागिने करते आणि शाळा सुटल्यावर मुलगी मिश्रण ढवळून देते, असे चौकशीत कळले. मी त्याच दिवशी सूचनापत्र काढले : मुलांना अशा कामास लावू नये, घरी असे उद्योग करू नयेत. दुसऱ्या दिवशी ती माउली वही घेऊन भेटीस आली. वहीत जमाखर्च होता आणि शेवटच्या रकान्यात ‘फी’ असे लिहिले होते. ती म्हणाली, “बाई, करू नका म्हणून लिहिलंत. पण नीट कसं करायचं, ते कुणाला विचारू?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिक्षकाने मनाई करावी आणि मार्ग दाखवू नये, यासारखी उणीव दुसरी नाही.

त्यांचे कुटुंब सांगली जिल्ह्यातील विट्याकडचे, व्यवसाय गलाईचा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून निघून सोन्याचांदीची गलाई करणारी आपली माणसे देशभरातील सराफ बाजारांत पोहोचली, तशी दिल्लीतही आली. गलाईच्या कामात तेजाब लागते. त्याचा धूर घशाला झोंबतो, थेंब कातडी जाळतो. म्हणून प्रत्येक गलाईवाला त्याला जपून असतो. रेझिन मात्र मधासारखे दिसते आणि स्पर्शाला भाजत नाही. म्हणूनच ज्या घरात तेजाबाचा धाक होता, त्याच घरात रेझिनचा नव्हता.

त्यानंतर आमच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी माता-पालकांसाठी वर्ग घेतले आणि मीही मागच्या बाकावर बसून शिकले. दागिन्यांसाठी बहुधा इपॉक्सी रेझिन वापरतात. त्याचे दोन भाग असतात : राळ आणि हार्डनर. दोहोंचे रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार होते व द्रवाचा घन होतो. म्हणून प्रमाण बाटलीवर लिहिले असेल तेच, आणि वजनी सांगितले असेल तर वजनानेच घ्यावे. हार्डनर अधिक घातल्याने काम लवकर होत नाही. उलट वस्तू चिकट वा ठिसूळ राहते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. एकाच वेळी जाड थर ओतला तर मिश्रण इतके तापते की प्लास्टिकचा पेलाही वितळू लागतो. दिल्लीच्या जानेवारीत राळ घट्ट होऊन बुडबुडे अडकतात, तर श्रावणातील दमट हवेत पृष्ठभाग धुरकटतो. फूल पुरते वाळलेले नसेल तर ते आतल्या आत काळवंडते.

सर्वांत महत्त्वाची बाब त्वचेची. न घट्टलेल्या राळेचा व हार्डनरचा वारंवार स्पर्श झाल्यास शरीराला त्याचे वावडे निर्माण होऊ शकते आणि एकदा जडलेले वावडे बहुधा आयुष्यभर राहते. त्या मुलीचे चट्टे म्हणजे त्याचाच इशारा होता.

आपल्याकडे राळेचे दागिने नवे नाहीत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेच्या बांगड्या आपल्या आज्या-पणज्या ल्यायल्या. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंवरील झळाळी लाखेचीच. पण लाख बिघडली तर पुन्हा तापवून मऊ करता येते. इपॉक्सी एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. येथे चुकीला दुरुस्ती नाही, म्हणून ज्ञान आधी हवे.

दिल्लीजवळच्या बागपत जिल्ह्यातील बरनावा हे गाव म्हणजेच महाभारतातील वारणावत, असे परंपरा मानते. लाक्षागृहात पाऊल टाकताच युधिष्ठिराला तुपाचा व लाखेचा वास आला. पांडव तेथून तत्काळ पळाले नाहीत. भुयार खणवून, सावध राहून त्यांनी तेथेच वास्तव्य केले. त्यांना ज्ञानाने तारले. मी मात्र सूचनापत्र काढून मोकळी झाले होते.

आता शाळेने काही नियम ठरविले आहेत. द्रव रेझिनला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. त्यांनी फुले वाळवावीत, आराखडे काढावेत, हिशेब ठेवावा. मोठ्यांनी नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. घासकाम पाण्याखाली व मुखपट्टी लावून करावे. उरलेले मिश्रण मोरीत न ओतता घट्ट झाल्यावरच टाकावे.

आणि एक नियम गणिताच्या शिक्षकांचा. त्या वहीत श्रमाचा रकाना नव्हता. समजा, एका लोलकाला साहित्य ५५ रुपयांचे, कडी, दोरा व डबी २५ रुपयांची आणि वेळ ४० मिनिटांचा लागला. ताशी ९० रुपये धरले तरी श्रमाचे ६० रुपये होतात. म्हणजे खर्च १४० रुपये. तो लोलक १२० रुपयांस विकणारी गृहिणी नफा झाला असे समजते. वस्तुतः ती आपल्या श्रमातून २० रुपये गिऱ्हाइकाला देत असते. आज मेजावरील किमती थोड्या चढ्या वाटल्या तर घासाघीस करण्यापूर्वी हा हिशेब कृपया आठवावा.

ती मुलगी आता दहावीत आहे. मेजावरील किमतीच्या चिठ्ठ्या तिच्या अक्षरातील आहेत. दागिने तिच्या आईचे आहेत. साठ वर्षांत या शाळेने परप्रांतात मराठी भाषा जपली. यापुढे घराघरांतील कष्टांना शास्त्राची आणि हिशेबाची जोड देणे हेही तिचे कार्य ठरो, एवढीच इच्छा व्यक्त करते आणि माझे दोन शब्द संपविते.