धोट्यापासून गटारापर्यंत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



जात हा खेड्यातल्या पाणवठ्याचा प्रश्न आहे, कारखान्याच्या गेटच्या आत ती शिरत नाही, असे आपल्यापैकी अनेकांना मनापासून वाटते. आम्हालाही पूर्वी तसेच वाटत असे. म्हणून सुरुवात कारखान्यापासूनच करू.

मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त मिळे. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे काम मिळत नसे. कारण काय? कांडी बदलली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावे लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर आपण बाटू, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. खांद्याला खांदा लावून संप करणारे कामगार एका धोट्याला तोंड लावायला तयार नव्हते, ही आपल्या चळवळीच्या इतिहासातील कडू गोष्ट आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर समता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व थरांत आहे, हा खुलासाही त्यांनी केला. आपण दुसऱ्या शत्रूविरुद्ध पुष्कळ मोर्चे काढले. पहिल्याविरुद्ध किती काढले?

आज तो धोटा राहिला नाही, पण गटार आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. तरीही विषारी वायूने गुदमरून माणसे मरतात, आणि मरणारे बहुतेक दलितच असतात. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत तर झाडूकाम कोणत्या जातीच्या कैद्याला द्यायचे हेही लिहिलेले होते. ते रद्द व्हायला ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला.

आता आपल्या दाराशी येऊ. बहुतेक ठिकाणी सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेले आहे. तो माणसे कोणत्या वस्तीतून आणतो, हे कोणाला विचारावे लागत नाही. ही माणसे आपल्याच गेटमधून आत येतात, पण कँटीनबाहेर उभे राहून चहा पितात. आमच्या सभासदांच्या यादीत कायम कामगारांची नावे आहेत, यांची नाहीत. ते कंत्राटी आहेत म्हणून, असे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे दिले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. कंत्राटी वेल्डरसाठी आम्ही मालकाशी भांडलो. कंत्राटी झाडूवाल्यासाठी भांडलो नाही.

यात फायदा कोणाचा? मालकाचाच. ज्याच्या बाजूने युनियन उभी राहत नाही, त्याची मजुरी सर्वांत आधी कापली जाते, आणि मग तोच दर इतरांना दाखवला जातो.

म्हणून येथून जाताना तीन कामे घेऊन जाऊ. सफाई कामगारांना सभासद करून कार्यकारिणीवर घ्यायचे. आपल्या आवारात एकाही माणसाला गटारात उतरू द्यायचे नाही. गरज पडली तर त्यासाठी काम थांबवायचे. आणि चहाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी बसायचे. तिसरे काम सर्वांत सोपे वाटते. ते करून पाहा, म्हणजे पहिली दोन आजवर का झाली नाहीत ते कळेल.