मायवरम ते तंजावर : सायकलवरचा एक दिवस

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



जानेवारीत आम्ही तिघे मित्र चेन्नईहून रामेश्वरला सायकलने गेलो. सगळा प्रवास सांगत बसलो तर जेवणाची पानं थंड होतील. म्हणून फक्त पाचव्या दिवसाबद्दल बोलतो. मयिलाडुतुरै, म्हणजे जुनं मायवरम, ते तंजावर. अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास आणि चढ जवळजवळ नाहीच.

पहाटे साडेपाचला निघालो. तिकडे मार्गळी महिना चालू होता, आपला धनुर्मास. दारोदारी सडा, त्यावर कोलम आणि कोलमच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. देवळांतून लाउडस्पीकरवर तिरुप्पावै चाललेलं. कुत्तालमला टपरीवर पितळी डबरा-टंबलरातली कॉफी घेतली. आपण चहावाले, पण त्या दिवशी चार कॉफ्या झाल्या.

मी पाटबंधारे खात्यातला, डिप्लोमाही सिव्हिलचा. त्यामुळे माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं पाण्यावर. कावेरीच्या शाखा, शाखांचे कालवे, कालव्यांच्या चाऱ्या, आणि शेवटी भाताचं खाचर. या साऱ्याच्या मुळाशी करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा आहे. वाळूत पाया कसा घ्यायचा, हे सर आर्थर कॉटन त्यावरून शिकले, आणि तेच ज्ञान त्यांनी गोदावरीवर धवळेश्वरमला वापरलं. ते काम १८५२ साली पुरं झालं. आपल्या हैदराबादच्या बाजारात गोदावरी जिल्ह्यांचा तांदूळ येतो, त्यात कावेरीकाठच्या जुन्या गवंड्यांचाही वाटा आहे, असं मला त्या रस्त्यावर वाटलं.

आडुतुरैच्या पुढे गोविंदपुरम लागतं. तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. आत एक बाई वहीत बघून अभंग म्हणत होत्या. चाल थोडी वेगळी, शब्द मात्र तुकोबांचेच. वहीत डोकावलो तर लिपी तमिळ! त्यांना मराठी बोलता येत नव्हतं, पण ओळीचा अर्थ विचारला तर बरोबर सांगितला. तंजावरच्या मराठी राजवटीत कीर्तन तिकडे रुजलं. त्यांच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही नावं आजही चालतात.

दुपारी कुंभकोणमला केळीच्या पानावर जेवलो. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात, दगडी चाकं असलेल्या त्या रथमंडपाजवळ, तासभर विसावा घेतला. पापनाशमनंतर समोरून वारा होता, तो भाग निव्वळ पाय मारण्याचा. पाच वाजता बृहदीश्वराचं शिखर दिसलं.

तंजावरला भोसल्यांचं राज्य सुमारे १८० वर्षं होतं, १८५५ पर्यंत. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली घराण्याचा इतिहास या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. अक्षरं देवनागरी, पण शब्द सुटे न करता सलग लिहिलेले. आम्ही बोट ठेवून अडखळत वाचत होतो. मागून आवाज आला, "तुम्ही मराठी काय?"

सत्तरीचे गृहस्थ होते, वेष्टी नेसलेले, कपाळाला विभूती. त्यांचे पूर्वज राजांच्या चाकरीत आलेले. क्रियापदं आपली, हेल तमिळ. म्हणाले, "मला बोलायला येतं, वाचायला येत नाही. शाळा तमिळमध्ये झाली. जरा मोठ्यानं वाचा, मी ऐकतो."

आम्ही वाचत राहिलो. ते मान हलवत होते. मधेच एखादा जुना शब्द आम्हाला अडला, तर ते म्हणायचे, "हा आमची आजी म्हणायची," आणि अर्थ सांगायचे.

मग आग्रहाने घरी घेऊन गेले. काकूंनी दह्यातलं उडदाचं डांगर वाढलं. त्याला ते डांगर पचडी म्हणतात. मी विचारलं, "काका, नातवंडं बोलतात का मराठी?" ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "समजतं त्यांना. उत्तर तमिळमध्ये देतात. आम्ही दोघं आहोत तोवर या घरात चालेल."

मंडळी, हे ऐकून मला माझं घर आठवलं. माझी मुलगी दहावीत आहे. आजी मराठीत विचारते, ती तेलुगू-इंग्रजीत उत्तर देते. त्यात तिचा दोष नाही, दिवसभर तिचं जग त्याच भाषांचं आहे. पण तंजावरला राजाश्रय होता, ग्रंथालय होतं, भिंतीवर एवढा मोठा लेख आहे. आणि तरी भाषा टिकली ती काकांच्या आजीच्या तोंडून.

आपल्याकडे राजा नाही, पण मंडळ आहे. मी दोनच गोष्टी सुचवतो. रविवारी सकाळी तासभर मुलांना देवनागरी वाचायला शिकवू या. पहिले दोन महिने मी येईन. आणि आजी-आजोबांनी नातवंडांशी मराठीतच बोलावं. उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी आपण मराठी सोडायची नाही.

सायकलबद्दल कुणाला विचारायचं असेल तर जेवताना जरूर विचारा.