कोबीचा अंदाज

कोबी म्हटलं की पुष्कळांची नाकं मुरडतात. डब्यात कोबी, खानावळीत कोबी, पंगतीतही कोबीच. पण ही भाजी मूळची इथली नव्हे. ती युरोपातली. पोर्तुगीज भाषेतल्या ‘कोव्ह’वरून आपला ‘कोबी’ झाला. म्हणून तर श्राद्धाच्या स्वयंपाकात अळू असतं, पडवळ असतं, कोबी सहसा नसतो.

बाहेरून आलेल्या भाजीला ठरलेली रीत नव्हती. ज्या घरात ती गेली, त्या घरानं तिला आपलं वळण लावलं. कुठे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि वर ओलं खोबरं, कुठे दाण्याचं कूट घातलेली कच्ची पचडी. कारवारकडच्या सारस्वत घरांत उपकरी. आणि कायस्थांकडचं भानोलं! बारीक चिरलेला कोबी, कोलंबी किंवा सोडे, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, नारळाचं दूध आणि बेसन. पूर्वी हे खाली-वर निखारे ठेवून भाजत.

आता बेसन किती? इथे गाडं अडतं. ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याची मापं घरोघरी पोचली, हे उपकारच. पण घरची कृती सांगणारी बाई म्हणते, “मावेल तेवढं.” माझ्या मामी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. दिसतं कमी, हात थरथरतो, त्यामुळे शेगडीजवळ त्यांना कोणी जाऊ देत नाही. त्यांची सून हुशार. तिनं मामींना स्टुलावर बसवलं, त्यांनी मुठीनं घेतलेलं बेसन आधी काट्यावर टाकलं, मग पातेल्यात. असं तीन वेळा केलं. तिन्ही आकडे वेगळे आले!

सून गोंधळली. मामी म्हणाल्या, “अगं, पावसाळ्यातला गड्डा पाणी फार सोडतो. थंडीतला घट्ट असतो. मी बेसन मोजत नाही, पाणी बघते.” मग वहीत आकड्याऐवजी असं उतरलं: कोबीला मीठ लावून थोडा वेळ ठेवणं, मग बेसन, मिश्रण बोटांना धरून राहावं, ओघळू नये.

तुमच्याही घरी अशी कोणी असेल तर नुसती कृती विचारू नका, शेजारी उभे राहा. विचारल्यावर त्यांना आठवत नाही, हात चालू लागला की आठवतं. भाजीत पाणी घालायचं नाही, झाकणावर ठेवायचं, हेही असंच कळतं. कोबीत गंधकाची द्रव्यं असतात. तो जितका जास्त शिजेल तितका उग्र वास सुटतो. हे रसायनशास्त्र मामींना कोणी शिकवलं नव्हतं. त्या एवढंच म्हणत, “वास आला म्हणजे उशीर झाला.”

आणि हो, मधला दांडा फेकायचा नाही. तो किसून पचडीत.