गॅरेजमधली डॅटसन

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुनी मोटार घरच्या घरी नव्यासारखी करायची म्हटलं, की लोक पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचा. दुसरा वेळेचा. अवघड असतो तो तिसरा प्रश्न, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. नव्यासारखी म्हणजे नेमकी कधीसारखी? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी, मालकाने हौसेने वापरली तेव्हा होती तशी, की आजच्या रस्त्यावर आपल्याला हवी तशी? याचं उत्तर ठरवल्याशिवाय हातात पाना घेऊ नये, असं सहा हिवाळ्यांच्या अनुभवावरून माझं मत झालं आहे. त्या अनुभवातल्या चार गोष्टी आज तुम्हाला सांगतो.

मी मूळचा पुण्याचा. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उमेदवारी केली आणि १९९८ पासून अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो. डेट्रॉइट म्हणजे अमेरिकी मोटारींचं माहेर. माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे ती मात्र जपानी गाडी, १९७२ सालची डॅटसन २४० झेड.

या गाडीची थोडी ओळख करून द्यायला हवी. निस्सान कंपनीने ती १९६९ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये आणली, तेव्हा तिचं नाव होतं 'फेअरलेडी झेड'. कंपनीचे अध्यक्ष कावामाता यांना 'माय फेअर लेडी' ही संगीतिका फार आवडली होती, त्यावरून निस्सानच्या स्पोर्ट्स गाड्यांना हे नाव मिळालं. ती संगीतिका बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वर बेतलेली, आणि पु. लं.ची 'ती फुलराणी'ही त्यावरूनच आलेली. म्हणजे नात्याने ही गाडी आपल्या फुलराणीची बहीणच म्हणायची! अमेरिकेत निस्सानचा कारभार पाहणारे युताका काटायामा यांना मात्र वाटलं, की या नावाची स्पोर्ट्स गाडी इथलं गिऱ्हाईक घेणार नाही. त्यांनी बोटीतून उतरलेल्या गाड्यांवरची 'फेअरलेडी' ही अक्षरं काढायला लावली आणि तिथे '२४० झेड' लावलं.

लांब नाक, आखूड शेपूट, सहा सिलिंडरचं २,३९३ सीसीचं इंजिन आणि हजार किलोच्या थोडं वर वजन. किंमत ३,५२६ डॉलर. त्या काळात असं रूप आणि असा वेग हवा असेल, तर युरोपातल्या गाडीला याहून कितीतरी जास्त पैसे मोजावे लागत. नुसती दिखाऊही नव्हती ती. पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीत, खाचखळगे आणि चिखलातून हजारो किलोमीटर धावून, तिने १९७१ आणि १९७३ साली पहिला क्रमांक मिळवला. १९७३ चा विजेता चालक होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस. त्याचे आणि दुसऱ्या चालकाचे दंडाचे गुण अगदी समान झाले होते, आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमाने तो जिंकला.

अशा गाडीचा शत्रू एकच, गंज. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे पत्रा कुजला की गाडी दिसायला वाईट होते एवढंच नाही, तिचा कणाच मोडतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी काय करत असेल याची कोकणातल्या श्रोत्यांना कल्पना येईल. म्हणूनच आमच्या भागात या गाड्या फारशा उरल्या नाहीत.

माझी उरली, कारण ती चालवलीच गेली नाही. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एक वृद्ध बाई राहत. त्यांचे यजमान एका मोटार कारखान्यात कामगार होते. त्यांनी ही गाडी १९७२ साली नवी घेतली, दहा वर्षं फक्त उन्हाळ्यात चालवली आणि १९८२ साली गॅरेजमध्ये लावून कुलूप घातलं. ते गेल्यावर, २०११ साली, बाईंनी ती मला विकली. किंमत माफक, पण अट एक. गाडी तोडायची नाही, रस्त्यावर आणायची. ही अट साधी नाही. अशा गाडीचे दरवाजे, काचा, इंजिन, गिअरबॉक्स सुटे सुटे विकले, तर अख्ख्या गाडीपेक्षा अनेकदा जास्त पैसे हातात येतात. मी शब्द दिला.

कामाला सुरुवात केली ती हातोडीने नव्हे, कॅमेऱ्याने. प्रत्येक नट सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा पत्रा ठोकून पाहिला. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, बद्द आवाज आला तर आत गंज नाहीतर लांबी. बॅटरीखालचा पत्रा, पाय ठेवतो तिथली जमीन आणि मागच्या चाकांच्या पुढचा खालचा कोपरा या तिन्ही जागा ठरल्याप्रमाणे गेल्या होत्या. कुजलेला पत्रा पुरता कापून, निरोगी पत्र्याला नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा, हाच खरा उपाय. गंजावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून घराबाहेर ठेवली, हे घरी काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. तसंच, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. तिथली धूळ हवेच्या झोताने कधी उडवू नये.

मागच्या चाकांच्या खालच्या आर्ममधून एक लांब पिन जाते. या गाडीची दुरुस्ती करणारा जगातला कुठलाही माणूस त्या पिनेचं नाव काढलं की कपाळाला हात लावतो. ती आतल्या आत गंजून जाम बसते. तीन आठवडे तेल पाजलं, तापवली, दाब दिला. एक निघाली, दुसरी करवतीने कापून काढावी लागली.

इंजिन एकोणतीस वर्षं फिरलं नव्हतं. अशा इंजिनाला एकदम स्टार्टर द्यायचा नसतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं आणि मग पान्याने हळूहळू हाताने फिरवलं. फिरलं! तपासणीसाठी हेड उतरवताना एक युक्ती लागते. आतल्या टायमिंग चेनचा ताण सुटू नये म्हणून तिच्या मधोमध लाकडाची पाचर ठोकून ठेवायची. नाहीतर ताण देणारा दट्ट्या बाहेर पडतो आणि पुढचं सगळं झाकण खोलावं लागतं. आमच्या मुलीने मोडक्या क्रिकेट बॅटच्या लाकडाची पाचर तासून दिली. कारखान्याची माहितीपुस्तिका आणि क्रिकेटची बॅट, दोन्ही कामी आलं.

आता बदलांविषयी. डेट्रॉइटमधल्या मित्रांचा सल्ला एकच होता, 'हे इंजिन काढ आणि अमेरिकी व्ही-एट बसव.' तसं करणारे पुष्कळ आहेत आणि गाडी पळतेही जोरात. पण माझ्या गाडीच्या इंजिनावर कोरलेला नंबर बॉनेटखालच्या पाटीवरच्या नंबराशी जुळतो. चाळीस वर्षं टिकलेली ही जोडी मला तोडवेना. म्हणून मी एक नियम केला. जो बदल बोल्ट सोडून परत काढता येतो तो करायचा. ज्याच्यासाठी मूळ पत्रा कापावा लागतो तो करायचा नाही. आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवायचा.

या नियमात पुष्कळ काही बसलं. चार गिअरच्या जागी याच घराण्यातल्या पुढच्या २८० झेडएक्स गाडीचा पाच गिअरचा बॉक्स आला, त्यामुळे हमरस्त्यावर इंजिनाची ओरड कमी झाली. त्याच गाडीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवला आणि पॉइंट घासण्याची कटकट गेली. पुढच्या ब्रेकला टोयोटाच्या ट्रकचे चार पिस्टनवाले कॅलिपर लावले. मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बटणातून जातो आणि ते बटण वितळतं, म्हणून मध्ये रिले घातले. नवे सीटबेल्ट आले. मागच्या दरवाज्याचं रबरही नवं घातलं, कारण ते झिजलं की धुराड्याचा धूर गाडीत ओढला जातो. थोडक्यात, गाडी थांबावी, दिसावी आणि आतल्या माणसाचा जीव राहावा यासाठी बदल केले. तिचा चेहरा, आवाज आणि इंजिन मात्र तिचंच ठेवलं.

रंग काढताना एक गोष्ट सापडली. पुढच्या दोन्ही मडगार्डवर आणि मागच्या दरवाज्यावर 'डॅटसन' ही अक्षरं असतात. माझ्या गाडीवर ती नव्हती. पडली असतील असं मी समजत होतो. जुन्या रंगाखाली पाहिलं, तर अक्षरांच्या खिळ्यांची भोकं नीट लांबी भरून बुजवलेली. काम इतकं सफाईचं, की ते कुणी मुद्दाम आणि सवडीने केलं हे उघड होतं.

मी बाईंना विचारलं. त्या आत गेल्या आणि तंबाखूचा एक डबा घेऊन आल्या. आत सगळी अक्षरं होती.

त्यासाठी १९८२ सालचं डेट्रॉइट समजून घ्यावं लागतं. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकी लोक छोट्या जपानी गाड्या घेऊ लागले आणि डेट्रॉइटचे कारखाने ओस पडले. लाखो कामगार घरी बसले. १९८१ साली जपानला अमेरिकेत पाठवायच्या मोटारींवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा घालून घ्यावी लागली. जपानी गाड्या हातोड्याने फोडण्याचे जाहीर कार्यक्रम होत. कामगार संघटनेच्या आवारात परदेशी गाडी लावू नये असे फलक लागले. आणि १९८२ च्या जूनमध्ये, डेट्रॉइटने वेढलेल्या हायलँड पार्क गावात, व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या अमेरिकी तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. चार दिवसांनी तो गेला. त्याचं लग्न तोंडावर आलं होतं. 'तुमच्यामुळे आमची कामं गेली' अशा अर्थाचे शब्द ऐकल्याचं एका साक्षीदाराने सांगितलं. पुढच्या वर्षी त्या दोघांना परिवीक्षा आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड झाला, तुरुंग नाही.

बाईंच्या यजमानांनी त्याच उन्हाळ्यात अक्षरं काढली, भोकं बुजवली, आणि तरीही चैन पडेना तेव्हा गाडी आत लावली. "त्याला गाडीची लाज वाटत नव्हती," बाई म्हणाल्या. "पण रोज ज्यांच्याबरोबर डबा खायचा, त्यांना ती दिसू नये असं त्याला वाटे. त्यातल्या निम्म्यांची नोकरी गेली होती."

मी मिशिगनला आलो तेव्हा हे वातावरण निवळलं होतं. आमच्या कारखान्यात जपानी कार्यपद्धतीचे वर्ग चालत, आणि मी पोहोचलो त्याच वर्षी, डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये काटायामांना मानाचं स्थान मिळालं. पण माझ्यासारख्या सावळ्या आशियाई माणसाला ती बुजवलेली भोकं पाहून आत कुठेतरी हललं, हे खरं.

आता काय करायचं? प्रदर्शनातले परीक्षक अक्षरं नसली तर गुण कापतात. कारखान्यातल्या दिवसाकडे परतायचं, तर सगळी अक्षरं लावायला हवीत. पण भोकं बुजवणं हाही त्या गाडीच्याच आयुष्याचा भाग होता, आणि ते माझ्या मताने पुसायचं नव्हतं. मी निर्णय बाईंवर सोपवला. आठवड्याने त्यांचा फोन आला. "मागे लावा. पुढची राहू द्या."

तसंच केलं. २०१७ च्या मे महिन्यात बाई शेजारच्या सीटवर बसल्या आणि आम्ही डेट्रॉइट नदीच्या काठाने चक्कर मारून आलो. त्या फारशा बोलल्या नाहीत. पाचवा गिअर कसा पडतो, ते मात्र दोनदा विचारलं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात वडिलांची फियाट असेल, मामांची जावा असेल. आपल्याकडे कायदाही आता हाच प्रश्न विचारतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना वेगळी नोंदणी दिली, तीही ती मूळ रूपात असतील तरच. म्हणून आधी कागद पाहा, मग पाना उचला. पण कागदात न मावणारी एक चौकशीही करा. कुठला ओरखडा कुणी पाडला, कुठला दिवा कुणी बदलला आणि का, हे घरातल्या थोरांना आत्ताच विचारून ठेवा. सुटा भाग दुकानात मिळतो, नाही मिळाला तर लेथवर करून घेता येतो. पण ही माहिती देणारं माणूस गेलं, की ती कुठल्याच बाजारात मिळत नाही.