बटण कोण दाबणार?



अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या पाहायला सारे इंदूर राजवाड्याकडे लोटते. त्या गर्दीत चुकलेल्यासाठी मोबाइलमध्येच सोय आहे. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबले, किंवा साध्या फोनवर 5 अथवा 9 दाबून धरला, की 112 ला मदतीचा कॉल जातो. घरच्या ज्येष्ठांना आपण हे शिकवू या.

पण विस्मरणाचा आजार असलेल्या आजोबांना आपण चुकलो हेच कळत नाही. ते ‘घरी’ निघालेले असतात, आणि ते घर 40 वर्षांपूर्वीचे असते. ते बटण कशाला दाबतील? त्यांच्या मनगटावर जीपीएसचे यंत्र बांधावे. ठरवलेली हद्द ओलांडताच ते आपल्या फोनवर सूचना देते. मात्र त्यात चालू सिम आणि रोजचे चार्जिंग हवे. ते कोण पाहणार, हे घरात आधीच ठरवू.

सदऱ्याच्या आत फोन नंबरही शिवून ठेवू. त्याला चार्जिंग लागत नाही. माणूस हरवल्यावर तक्रारीसाठी 24 तास थांबावे लागते, हा समज चुकीचा आहे. लगेच 112 लावू, ताजा फोटो देऊ, अंगावरचे कपडे सांगू.

आणि शेजाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला आजाराची कल्पना देऊ. त्यात लाज कसली? आपण आजार लपवला, तर आजोबांना फाटकाबाहेर जाताना पाहूनही कोणी हटकणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!