निवृत्ती : नावेची आणि पुलाची

(लोणावळा येथे मावळातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)

१५ जून २०२५ रोजी आपल्या मावळात, कुंडमळा येथे, इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला व चार माणसे प्राणास मुकली. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. नव्या पुलास मंजुरीही होती. नव्हता तो फक्त नवा पूल. सार्वजनिक साधनास निवृत्त केव्हा व कसे करावे, हा प्रश्न त्या दिवशी आपल्या दाराशी येऊन उभा राहिला.

याच प्रश्नाची दुसरी बाजू गोव्यात मांडवीवर दिसते. पणजी व बेती यांच्या दरम्यान माणसे आणि वाहने फेरीबोट वाहून नेत असे. भाजीची पाटी घेतलेली बाई, सायकलवाला आणि मोटारमालक तिच्या एकाच तळावर उभे राहत. १९७० साली पूल झाला आणि फेरीबोटीचे महत्त्व साहजिकच ओसरले. पण ५ जुलै १९८६ रोजी, अवघ्या सोळा वर्षांत, तो पूल कोसळला. १९९२ मध्ये दुसरा पूल होईपर्यंत पैलतीर गाठण्यासाठी लोकांना पुन्हा फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागला. बोटी भंगारात आणि खलाशी घरी गेले असते, तर काय झाले असते? ताळेबंदात रिकामी बोट तोटा ठरते. समाजाच्या हिशेबात ती राखीव शक्ती असते.

हा तोटा सरकारने का सोसावा, असे आमचे काही अर्थशास्त्री विचारतात. दिवाडी बेटाला आजही पूल नाही. तेथील माणसाला बोट हाच रस्ता आहे, आणि रस्त्यावर पायी चालणाऱ्याकडून आपण भाडे घेत नाही. जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर खाजगी भागीदारीतून नव्या रो-रो बोटी आल्या. नव्या यंत्राला आपला विरोध नाही. पायी प्रवाशाचा हक्क त्यात शाबूत राहतो की नाही, एवढेच आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

तात्पर्य सरळ आहे. थकलेले साधन वेळेवर थांबवावे. मात्र पर्याय आधी उभा करावा, आणि तो कसोटीला उतरेपर्यंत जुनी व्यवस्था मोडू नये. कुंडमळ्यात पहिले घडले नाही, म्हणून माणसे गेली. मांडवीवर बोटी शिल्लक होत्या, म्हणून व्यवहार चालला.

मित्रहो, पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील प्रत्येक साकवाची व पुलाची यादी करा. शेवटची तपासणी केव्हा झाली, हे ग्रामसभेत विचारा. नुसत्या फलकावर समाधान मानू नका.