ओठावर ताप उतला, तर बाळाचा मुका नको

सध्या रानात कांद्याची काढणी जोरात आहे. दिवसभर ऊन अंगावर घ्यायचं, रात्री घरचं काम उरकायचं, आणि दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा झुबका उठतो. आपण म्हणतो, ताप उतला. कुठे म्हणतात जर फुटला, कुणी म्हणतं कोळी फिरला. आज याच फोडांबद्दल बोलायचं आहे. दिसायला दुखणं लहान, पण घरात तान्हं बाळ असेल तर ते लहान राहत नाही.

आधी ओळख पटवून घेऊ. ओठाच्या कडेला एका जागी चुरचुरतं, खाज येते, ओठ ताणल्यासारखा वाटतो. एका-दोन दिवसांत तिथे बारीक फोड येतात. ते फुटतात, ओलसर जखम होते, मग पिवळसर खपली धरते आणि साधारण दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, डाग न राहता बरी होते. तोंड येतं ते वेगळं. ते गालाच्या आत, जिभेवर पांढरे चट्टे येतात आणि ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात तेही वेगळं; त्यामागे अनेकदा रक्त कमी असणं किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असते. कमरेवर, छातीवर पट्टा उठतो ती नागीण. तिचा विषाणू या फोडाच्या विषाणूचा भाऊबंद, पण आजार निराळा.

ओठावरचा हा फोड एका विषाणूमुळे येतो. त्याचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स. कोळी, पाल, कुणाची नजर यांचा काही संबंध नाही. बहुतेकांच्या अंगात हा विषाणू लहानपणीच शिरतो. मावशीने, आजोबांनी लाडाने मुका घेतला, त्यातूनच. काही मुलांना त्या वेळी ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात. पुष्कळांना तर काहीच कळत नाही. मग हा विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो. तो जन्मभर तिथेच राहतो. ताप आला, फार ऊन लागलं, जागरण झालं, पाळी जवळ आली, मनाला घोर लागला, की तो जागा होऊन ओठापर्यंत येतो. म्हणजे आपल्या आज्या ‘ताप उतला’ म्हणायच्या त्यात थोडं तथ्य होतं. ताप त्याला जागं करतो, पण फोड येतो तो विषाणूमुळे.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या भागातल्या एका गटातल्या सुनेच्या ओठावर फोड आला. डॉक्टरांनी कागदावर हर्पिस लिहिलं. घरातल्या कुणीतरी मोबाईलवर तो शब्द शोधला आणि ‘गुप्तरोग’ वाचून बसला. आठवडाभर त्या घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. मैत्रिणींनो, हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. ओठावर येतो तो बहुधा पहिला प्रकार, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांपैकी सुमारे दोघांच्या अंगात तो आहे. त्या सुनेवर संशय घेणाऱ्यांच्या अंगातही तो असू शकतो. ओठावरच्या फोडावरून बाईच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नका, आणि तुमच्यासमोर कुणी मांडत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. फोड असताना नवरा-बायकोंनी मात्र मुका आणि तोंडाने होणारी जवळीक टाळावी, कारण ओठावरचा विषाणू तिथून खालच्या नाजूक जागीही जाऊ शकतो. हे एकमेकांना सांगायला लाजू नये.

पसरतो कसा? मुख्य म्हणजे मुक्याने, लाळेने आणि फोडातल्या पाण्याने. फोड ओला असतो तेव्हा धोका सगळ्यात जास्त. कधीकधी फोड नसतानाही लाळेतून तो जातो. म्हणून फोड आल्यापासून खपली पूर्ण पडेपर्यंत पेला, चमचा, टॉवेल, लिपस्टिक वेगळी ठेवा. आपण चावून मऊ केलेला भाकरीचा घास लेकराला भरवायची सवय तर कायमची सोडा. घास हाताने कुस्करा, दुधात किंवा वरणात मऊ करा.

आणि आता तान्ह्या बाळाचं. मोठ्या माणसाला हा फोड चार दिवस त्रास देतो. महिना-दीड महिन्याच्या आतल्या बाळाच्या अंगात तोच विषाणू गेला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो आणि बाळ दगावू शकतं. बाळाच्या अंगावर फोड दिसतीलच असंही नाही. बाळ दूध ओढत नाही, सारखं झोपून राहतं, अंग तापतं किंवा गार पडतं, झटके येतात, यांतलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. लगेच दवाखाना गाठा. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. घरात कुणाच्या ओठावर फोड आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

म्हणून बारशाला जाताना ओठावर फोड असेल तर बाळाला लांबूनच ओवाळा. आपल्या घरी बाळ असेल तर येणाऱ्यांना सांगा, “मुका नका घेऊ, पाय धरून बघा.” बाळंतिणीला हे बोलता येत नाही, तिला उद्धट म्हणतात. ते काम सासूबाईंनी किंवा आईने करावं. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत बाळाला बघायला येतात, त्यांच्या तोंडून सांगितलं तर पाहुणेही ऐकतात. बाळंतिणीच्याच ओठावर फोड आला तर दूध तोडू नका. हात साबणाने धुवा, तोंडावर मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधा आणि पाजा. स्तनावर फोड असेल तर मात्र त्या बाजूचं दूध देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी जपायची जागा म्हणजे डोळा. फोडाला लागलेलं बोट डोळ्याला लागलं तर बुबुळावर जखम होऊन नजर अधू होऊ शकते. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, असं झालं तर दुकानातून थेंब आणून घालू नका. काही थेंबांत स्टेरॉईड असतं, त्याने ही जखम आणखी वाढते. डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा.

फोड आला तर काय करायचं? चुना, मिश्री, टूथपेस्ट, लसूण यांतलं काही लावू नका, कातडी भाजते. फोड फोडू नका, खपली ओढू नका. स्वच्छ ओला गार कपडा धरला की ठणका कमी होतो. वर खोबरेल किंवा व्हॅसलीनचं बोट फिरवा, म्हणजे खपली चिरत नाही. लावून झालं की हात धुवा. असायक्लोव्हिर नावाचं औषध यावर मिळतं, पण ते चुरचुर सुरू होताच घेतलं तर उपयोगी; खपली धरल्यावर फारसा फरक पडत नाही. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. विषाणू अंगातून कायमचा काढणारं औषध आज तरी नाही. गोरं करणारी किंवा खाजेची ट्यूब घरात पडली असेल ती ओठाला लावू नका, तिच्यातही बऱ्याचदा स्टेरॉईड असतं.

पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून रानात जाताना पदर किंवा स्कार्फ ओठांवरून घ्या, दुपारचं ऊन टाळता येईल तेवढं टाळा, पाणी प्या, झोप पुरी करा. ‘झोप पुरी करा’ म्हटल्यावर तुम्ही हसला असाल. पण ज्या घरात बाई आजारातून उठली की त्याच दिवशी चुलीपुढे उभी राहते, त्या घरात हा फोडही परत परत येतो. हे घरच्यांनाही ऐकू द्या.

दोन आठवड्यांत बरा झाला नाही, वर्षात सहा-सात वेळा आला, गरोदरपणात आला, किंवा साखरेचा, एचआयव्हीचा, कॅन्सरचा उपचार चालू असताना आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. इसब असलेल्या मुलाच्या अंगावर असे फोड पसरले, किंवा तोंडभर फोड येऊन लेकरू पाणीही पिईना, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी न्या.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या गटात कुणाकडे गरोदर बाई आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे, ते बघा आणि त्या घरच्या मोठ्या बाईला एवढं एक सांगा: ओठावर फोड असेल त्याने बाळाचा मुका घ्यायचा नाही.